माझी खुर्ची दारात अडकते तेव्हा

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष, लहानपणापासून दोन कुबड्या. सुगम्यता (म्हणजे इमारती, वेबसाइट सगळ्यांना वापरता येतात का ते बघणं), वृद्धांबरोबरचं काम आणि मानसिक आरोग्य ही तीन क्षेत्रं तिच्या डोळ्यांसमोर आहेत. यातलं कोणतं निवडू, माझ्या अपंगत्वाबद्दल क्लायंटला आणि मुलाखतीत किती सांगू, आणि होम व्हिजिटला जिने आले की काय करायचं, असं तिनं विचारलंय. शेवटी 'तुमच्या लेकीच्या वयाची आहे, अगंतुगं केलंत तरी चालेल' असंही लिहिलंय, म्हणून तसंच लिहिते.

आधी माझी ओळख. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. आधाराशिवाय चालल्याची एकही आठवण नाही. कॅलिपर, मग कुबड्या आणि गेली ११ वर्षं व्हीलचेअर. सोशल वर्कर म्हणून २९ वर्षं झाली. पहिली काही वर्षं रुग्णालयात गेली, नंतरची वृद्धांच्या घरोघरी आणि मानसिक आरोग्याच्या टीममध्ये. इमारतींच्या सुगम्यतेची तपासणी मधूनमधून चालूच असते. मी स्वतःला अपंग म्हणते. 'दिव्यांग' म्हणणाऱ्यांशी भांडत नाही, पण माझ्या बाबतीत दिव्य असं काही घडलं नव्हतं, पोलिओ झाला होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: वृद्धांपासून सुरुवात कर. उरलेली दोन्ही क्षेत्रं तुला त्याच घरात भेटतील. कशी, ते एका बाथरूमवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

एका मुलाचा फोन आला. वडील ७९ वर्षांचे, घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. 'बाबा गेले आठ दिवस काहीबाही बोलतायत, रात्री उठून बसतात, कपडे ओले करतात. वय झालं आता. कुठे ठेवता येईल का, तेवढं सांगा.' मी घरी गेले. बाहेरच्या खोलीत गप्पा झाल्या. आजोबा मधेच अगदी नीट बोलत, मधेच मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारत. मग मी बाथरूम बघायचं म्हटलं आणि दारातच माझी खुर्ची अडकली. मुलगा ओशाळला, 'सॉरी मॅडम, तुमची गैरसोय झाली.' मी पिशवीतून टेप काढली. दाराची मोकळी रुंदी ५८ सेंटीमीटर, माझी खुर्ची ६३. मग कोपऱ्यातला त्यांचा वॉकर मोजला. तो ६१.

'बाबा वॉकर घेऊन आत कसे जातात?' मुलानं बायकोकडे बघितलं, बायकोनं सासऱ्यांकडे. आजोबा म्हणाले, 'बाहेर ठेवतो. भिंत धरून जातो.' आत दहा सेंटीमीटरचा उंबरठा, पलीकडे ओली गुळगुळीत फरशी, धरायला टॉवेलचा लोंबकळता दांडा. दिव्याचं बटण बाहेर आणि तेही दाराच्या दुसऱ्या बाजूला. रात्री तीन वेळा ही सगळी कसरत. दोनदा पडले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला होता, आणि तो मला सांगताना त्यांच्यातला कारागीर जागा झाला: 'दुपारी चारनंतर पाणी बंद. आत कमी गेलं की बाहेर कमी येतं.'

पाणी कमी झालं की लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, घाई उलट वाढते. संसर्गाला वाट मोकळी होते. म्हाताऱ्या शरीरात संसर्ग ताप घेऊन येईलच असं नाही. तो पुष्कळदा गोंधळ घेऊन येतो: माणूस भलतंच बोलतो, दिवस-रात्र उलटसुलट होते. याला डिलिरियम म्हणतात आणि ही वैद्यकीय तातडी असते. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. संसर्ग निघाला, औषध सुरू झालं, आठवड्याभरात बहिणीचं नाव मागे पडून मी पुन्हा 'मॅडम' झाले. बाथरूमचं काम व्हायला महिना गेला. तोवरची सोय म्हणून पलंगाशेजारी युरिनलची बाटली, पायाच्या उंचीवर मंद दिवा. पुढे उंबरठा काढला, दार बाहेर उघडणारं केलं, बिजागऱ्या बदलल्या, भिंतीत भक्कम दांडे बसवले, बटण हाताशी आणलं.

आता सांग, ही केस कोणत्या क्षेत्रातली? दाराची रुंदी मोजली ती सुगम्यता. माणूस ७९ वर्षांचा. घरच्यांनी विचारलं होतं ते डोक्याच्या बिघाडाबद्दल. आणि गोंधळ ओसरल्यावर खालून आणखी एक गोष्ट वर आली: आजोबा चौदा महिने घराबाहेर पडले नव्हते, हात थरथरतो म्हणून भिंगाला हात लावला नव्हता, आणि 'आता कशासाठी' हे वाक्य दर भेटीत दोनदा यायचं. ते डिप्रेशन होतं. बाथरूम नीट झाल्यानं ते गेलं नाही. त्याचं वेगळं काम करावं लागलं आणि ते वर्षभर चाललं.

त्या घरात सगळ्यांच्या तोंडी दोनच शब्द होते, 'वय झालं'. माझ्या नोकरीचा मोठा भाग या दोन शब्दांचा पाठलाग करण्यात गेलाय. पडले, वय झालं. ऐकू येत नाही, वय झालं. जेवत नाहीत, बोलत नाहीत, रडतात, वय झालं. त्यामागे दरवेळी काहीतरी सापडतंच असं नाही. पण शोधलंच नाही तर काहीच सापडत नाही, आणि शोधणं हा आपला धंदा आहे. ऐकण्याचंच बघ. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, प्रतिबंधावर काम करणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये ज्या १४ टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या जोखमी मांडल्या, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि उपचार न झालेली अधू दृष्टीही आहे. श्रवणयंत्र खोक्यात पडून असतं, कारण बोटांना इवलीशी बॅटरी बदलता येत नाही. घरचे म्हणतात, बाबांना यंत्र आवडत नाही.

वयावरून माणसाला मोडीत काढण्याला इंग्रजीत 'एजिझम' म्हणतात. हा शब्द रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६९ मध्ये रूढ केला. निमित्त होतं एका वस्तीत वृद्धांसाठी घरं करायला शेजाऱ्यांनी केलेल्या विरोधाचं. म्हणजे तिथेही सुरुवात घरापासून आणि दारापासूनच. पण हा शिक्का फक्त दुसरे मारतात असं नाही, माणूस स्वतःवरही मारतो. बेका लेव्ही या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेनं बघणारी माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगलेली दिसली. वय, आर्थिक स्थिती, एकटेपणा, तब्येत हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. एका अभ्यासावर इमला बांधू नये, पण 'आता कशासाठी' हे वाक्य ऐकलं की मला तो आकडा आठवतो.

आता तुझ्या-माझ्यासारख्यांना जिथे ठेच लागते ती जागा. कामाला लागून तीन वर्षं झाली होती. रुग्णालयात पक्षाघात झालेल्या एक बाई होत्या, साठीच्या, उजवी बाजू गेलेली. व्हीलचेअरवर बसायलाच तयार नव्हत्या. फिजिओथेरपिस्ट थकला आणि मला पाठवलं, अर्थात माझ्या कॅलिपरकडे बघूनच. मी उत्साहानं गेले. मी लहानपणापासून अशीच आहे, तरी शिकले, नोकरी करते, एकटी प्रवास करते, असं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'तुझ्याकडून कुणी काही काढून घेतलं नाही गं. माझ्याकडून घेतलंय.'

त्या दिवशी मला राग आला होता. आपल्याला कमी लेखलं असं वाटलं. बाई काय म्हणाल्या ते कळायला काही वर्षं गेली. माझ्याकडे कौशल्य आहे: खुर्चीतून पलंगावर कसं सरकायचं, मदत कशी मागायची, बघ्यांच्या नजरा कशा झटकायच्या. त्यांच्याकडे होती ती हानी, साठ वर्षं वापरलेल्या शरीराची. माझ्या लेखी व्हीलचेअर म्हणजे दिवसाअखेरी शिल्लक राहणारी ताकद. त्यांच्या लेखी ती शेवटाची पाटी होती. म्हातारी माणसं काठी घेत नाहीत, छत्री घेतात. पाऊस नसला तरी. पाय लटपटतात हे त्यांना माहीत असतं, पण काठी घेतली की लोक 'म्हातारा' म्हणतील. आणि आपण अपंग माणसंही कमी नाही. 'आम्ही म्हाताऱ्यांसारखे परावलंबी नाही' हे वाक्य मी आपल्याच मंडळींच्या बैठकीत ऐकलंय, तरुणपणी स्वतः म्हटलंयसुद्धा.

ही दरी कुठून आली, तेही जाणून घे. अपंगांच्या चळवळीचे पहिले चेहरे तरुण होते. एड रॉबर्ट्सना १९५३ मध्ये चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळपास निकामी झालं. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्यानं त्यांना शिक्षणासाठी मदत नाकारली होती, कारण काय तर हा मुलगा कधी नोकरी करू शकणार नाही. १९७२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं आणि १९७५ मध्ये त्याच खात्याचे संचालक झाले. ब्रिटनमध्ये माइक ऑलिव्हर. सतराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात सूर मारताना मान मोडली, पुढे समाजशास्त्रज्ञ झाले. अडथळा शरीरात नसून रचनेत आहे हा विचार तिथल्या अपंग कार्यकर्त्यांनी १९७६ मध्येच मांडला होता. त्याला 'सामाजिक प्रारूप' हे नाव ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये दिलं, आणि ते दिलं सोशल वर्करांसाठी लिहिताना. आपल्या व्यवसायातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. या चळवळीची भाषा होती हक्काची आणि स्वतःच्या निर्णयाची. वृद्धांसाठीची व्यवस्था मात्र 'काळजी' या शब्दाभोवती वाढली. म्हणून एकाच रॅम्पसाठी दोन टेबलं, दोन फॉर्म आणि दोन वेगळे सूर. तू वृद्धांबरोबर काम करशील तेव्हा हक्काची भाषा तिकडे घेऊन जा. 'आजींना काय झेपेल' असं मुलाला विचारण्याआधी 'आजी, तुम्हाला काय हवंय' हे आजींना विचार. सोपं वाटतं. दहा जणांच्या केस कॉन्फरन्समध्ये विचारून बघ.

मानसिक आरोग्याबद्दल. माझ्या मते या भागात अपंग सोशल वर्कर सगळ्यात उपयोगी पडते, आणि सगळ्यात लवकर चुकतेही इथेच.

उपयोगी कशी, ते बघ. डिप्रेशन तपासायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात. झोप, थकवा, भूक, हालचाल मंदावणं असे प्रश्न त्यात आहेत. मी ती कोणत्याही सोमवारी भरली तर थकवा आणि झोपेचे गुण मला फुकट मिळतात, मन ठणठणीत असलं तरी. सांधे आखडलेल्या, रात्री चारदा उठणाऱ्या ८० वर्षांच्या माणसाचंही तेच होतं. उलटंही घडतं: खरं डिप्रेशन असतं आणि सगळं खापर गुडघ्यावर फुटतं. वृद्धांसाठी बनवलेल्या जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलमध्ये शारीरिक लक्षणांचे प्रश्न मुद्दाम टाळलेत. पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे, उत्तरं फक्त हो किंवा नाही. मी तीच वापरते. भाषांतर मात्र डोळ्यांत तेल घालून तपास. तुम्हाला आयुष्य पोकळ वाटतं का, असं विचारलं तर निम्मी माणसं सभ्यपणे 'नाही' म्हणतात. 'दिवस संपता संपत नाही असं होतं का' म्हटलं की बोलू लागतात. पण हे गप्पांत. गुण मोजायचे असतील तेव्हा प्रश्न छापलेत तसेच विचार.

डिलिरियम, डिप्रेशन आणि डिमेन्शिया यांच्यात घोळ होतो, म्हणून घरच्यांना मी पहिलं विचारते: 'हे कधीपासून?' तासा-दिवसांत सुरू झालेलं आणि दिवसभरात चढ-उतार होणारं असेल, तर डिलिरियम समजून लगेच डॉक्टर. आठवड्या-महिन्यांत वाढलं असेल तर डिप्रेशनकडे बघते. वर्षांवर सावकाश पसरलेलं असेल तर डिमेन्शियाकडे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगते. डिलिरियममध्ये लक्ष टिकत नाही, गुरुवारपाशीच सुटतं. हे निदान नव्हे. निदान डॉक्टर करतील. पण कोणत्या डॉक्टरकडे आणि किती घाईनं, हे घरच्यांना तूच सांगणार असतेस. आणि तिन्ही एकाच माणसात एकावर एक बसलेलीही असू शकतात. आमच्या आजोबांमध्ये त्यातली दोन होती.

आत्महत्येचं थेट विचार. 'मरून जावं असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?' विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. जगात बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण जास्त आढळतं, आणि तरी त्यांना हा प्रश्न विचारायचं पुष्कळदा राहून जातं. 'ठरवलंय' असं उत्तर आलं तर त्या माणसाला एकटं सोडून उठायचं नाही. घरच्यांना, टीमला तिथूनच फोन. गोळ्या आणि जे काही हाताशी असेल ते त्याच भेटीत दूर करून घ्यायचं.

आणि चूक कुठे होते? अपंग माणसाचं दुःख अपंगत्वामुळेच असणार, असं जग धरून चालतं, म्हणून आपण त्याच्याविरुद्ध लढत मोठे होतो. मग समोरचा माणूस 'माझे पाय गेले म्हणून मला जगायचं नाही' म्हणतो, तेव्हा आपण ते ऐकायच्या आत खोडायला जातो. मी दोन-तीनदा असं केलंय. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या केसेसबद्दल अनुभवी सहकाऱ्याशी ठरवून होणाऱ्या चर्चेत, माझ्या सुपरव्हायझरनं एकदा विचारलं, 'तू त्यांचं ऐकत होतीस की स्वतःचा बचाव करत होतीस?' नोकरी घेताना सुपरव्हिजन किती वेळा आणि कुणाकडून मिळेल, हे पगाराच्या आधी विचार.

सुगम्यतेच्या तपासणीचं शिक्षण मला वर्गात मिळालं नाही, कोपर खरचटून मिळालं. आकडे पाठ असू देत: रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १८० सेंटीमीटर रॅम्प. खुर्ची पूर्ण वळायला १५० सेंटीमीटर व्यासाची मोकळी जागा. पडद्यावरच्या साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५:१. पण आकड्यांवर थांबशील तर तू फक्त स्वतःसारख्यांची तपासणी करशील. पहिली अनेक वर्षं मी प्रत्येक इमारतीत रॅम्प शोधायचे आणि तो दिसला की खुशीत शेरा मारायचे. मग पार्किन्सन्सच्या एका काकांनी दाखवलं की उतारावर त्यांची पावलं आपोआप भरभर पडू लागतात आणि तोल पुढे जातो, त्यांना कठड्याच्या चार पायऱ्या बऱ्या. तेव्हापासून रॅम्प आणि कठड्याचा जिना दोन्ही लिहिते. चकचकीत फरशी डिमेन्शिया असलेल्या माणसाला ओली वाटते आणि दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटू शकतं. तो उंबऱ्यात थबकतो आणि लोक म्हणतात, हट्टी झालेत. बसायला बाक किती अंतरावर आहेत, हा प्रश्न व्हीलचेअरवरच्या माणसाला सुचत नाही, कारण आपण आपला बाक बरोबर घेऊनच फिरतो. वेबसाइटचंही तसंच. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेबसाइटच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात लॉग-इनसाठी आठवणीची किंवा कोडी सोडवण्याची सक्ती नसावी असा निकष आला. तो आपल्या वृद्ध क्लायंटांसाठी फार मोलाचा आहे, पण तपासणीला जाणारे तरुण अभियंते अजून रंगच मोजत बसतात.

सुगम शौचालयात झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात, याबद्दल मी काही लिहीत नाही. रक्तदाब वाढतो.

किती सांगायचं? तुझ्या कुबड्या तुझ्याआधी खोलीत शिरतात, त्यामुळे लपवायचा प्रश्नच नाही. वृद्ध माणसं सरळ विचारतात, 'तुला काय झालं गं?' माझं उत्तर ठरलेलं आहे: 'लहानपणी पोलिओ झाला. खुर्चीची सवय आहे. तुम्ही गुडघ्याचं सांगत होतात.' तीन वाक्यं, शेवटचं त्यांच्याकडे परत जाणारं. त्यापुढचं काही सांगण्याआधी स्वतःला विचारते की यानं कुणाला बरं वाटणार आहे, त्यांना की मला. 'तुम्ही एवढ्या हिमतीच्या आणि मी मेली रडतेय' असं कुणी म्हटलं तर तिथे थांब. त्या बाईनं आपलं दुःख तुझ्या दुःखाशी तोलून परत पिशवीत टाकलंय. ते बाहेर काढायला वेळ लागतो. मी म्हणते, 'रडायला मलाही येतं, पण आत्ता पाळी तुमची.'

मुलाखतीत गरजा कामाच्या भाषेत सांग. 'मला जमेल का माहीत नाही' म्हणू नकोस, यादी दे: दिवसाला दोनच होम व्हिजिट आणि त्याही एकाच भागात, नोंदी घरून टाइप करायची मुभा, तळमजल्यावरची बैठकीची खोली. एका संस्थेनं मला ठेवून घेतलं आणि सहा महिने फक्त व्यासपीठावर बसवलं, देणगीदार आले की बोलायला. केसेस शून्य. दुसरीकडे सगळ्या अपंग क्लायंटांच्या फायली माझ्याच टेबलावर, कारण 'तुम्हाला समजतं ना'. दोन्हीकडून निघाले. तुला मिश्र केसेस मिळायला हव्यात, नाहीतर पाच वर्षांनी हाताशी अनुभव एकाच रंगाचा उरतो.

अजून एक, तुझ्या प्रश्नात नसलेलं. पस्तिशी उलटल्यावर मला संध्याकाळी पेन धरवेनासं झालं. पाय जड, थंडी सोसेना, दुपारी भिंतीवर डोकं टेकून झोप यायची. मी स्वतःला काय सांगितलं असेल? वय झालं. दोन वर्षं हेच म्हणत काम रेटलं. शेवटी सहकाऱ्यानं हाताला धरून नेलं तेव्हा कळलं, पोस्ट-पोलिओ सिंड्रोम. पोलिओत मेलेल्या चेतापेशींच्या वाटचे स्नायूतंतू उरलेल्या पेशी दत्तक घेतात, दशकानुदशकं दुप्पट काम ओढतात, आणि मग त्या थकू लागतात. जास्त व्यायाम करून, जिद्द दाखवून हे मागे रेटता येत नाही, उलट बिघडतं. ज्या जिद्दीसाठी माझं लहानपणी कौतुक झालं होतं तीच आता मला महाग पडत होती. कुबडीवरून खुर्चीत बसताना मला पक्षाघाताच्या त्या बाई आठवल्या. पहिल्यांदा माझ्याकडूनही काहीतरी काढून घेतलं गेलं होतं.

तुझं निदान मला माहीत नाही, पण कुबड्यांवर खांदे आणि मनगटं झिजतात हे सहसा चुकत नाही. खांदा आत्ताच तपासून घे. स्कूटर किंवा खुर्ची लांब अंतरापुरती वापरायला लागलीस तर ती हार समजू नकोस, खांद्यांची बचत समज.

आणि जिने. होम व्हिजिटच्या आदल्या दिवशी मी स्वतः फोन करते आणि चार गोष्टी विचारते: कितवा मजला, लिफ्ट आहे का आणि चालू आहे का, दारात पायऱ्या किती, आत वळायला जागा आहे का. यातूनच निम्मी तपासणी होते, कारण जिथे मी जाऊ शकत नाही तिथून तेही बाहेर येऊ शकत नसतात. जिथे जाणं खरंच अशक्य, तिथे सहकारी वर जातो आणि मी फोनवर असते. उचलून न्यायची तयारी दाखवतात, ती नाकारते. एकदा हो म्हटलं होतं, दोघांच्या कमरा धरल्या आणि माझी खुर्ची तिसऱ्या पायरीवर आपटली.

पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी होत्या, आठ महिने खाली न उतरलेल्या. फोनवर म्हणाल्या, 'तू वर येऊ शकत नाहीस, मी खाली येऊ शकत नाही, कसं व्हायचं?' मधे वळणावर एक चौक होता, वरून सात पायऱ्या. कठडा दोन्ही बाजूंना होता. सहकाऱ्यानं तिथे खुर्ची नेऊन ठेवली, आजी बसत-बसत सात पायऱ्या उतरल्या, मी खाली दारात. त्या चौकातून आणि मी खालून अशा आम्ही चाळीस मिनिटं ओरडून बोललो. शेजारच्यांनी सगळं ऐकलं, त्यामुळे खाजगी काहीच विचारता आलं नाही. पुढच्या वेळी त्यांनीच फोन करून सांगितलं की त्या अकराव्या पायरीपर्यंत येतील, म्हणजे ओरडावं लागणार नाही.